एका बेलच्या सहा ओळी

टेबलात दोन मिनिटं सहा वेळा आली होती. एकाखाली एक, सहा ओळी. खाट तीच, तारीख तीच, सिस्टर त्याच. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा मोजलं आणि त्याची कानशिलं तापली. बेल एकदाच वाजली होती.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तो तीन वर्षं होता. वॉर्डातल्या प्रत्येक बेलची एक नोंद त्याच्याकडे यायची. नोंदीत आकडा एकच: रुग्णानं बटण दाबल्यापासून सिस्टर खाटेपाशी पोहोचेपर्यंतचा वेळ. आणि नोंदीच्या पोटात एक यादी: सिस्टरनं तिथं काय काय केलं. ही यादी आहे तशी आलेखात बसत नाही. म्हणून त्यानं ती उलगडून रकान्यांत मांडली होती, प्रत्येक कामाला एक ओळ. तेवढं करताना बाहेरची दोन मिनिटं प्रत्येक ओळीत उतरली आणि आलेखानं इमानेइतबारे त्यांची बेरीज केली. दोनाची बारा झाली. बाकीच्या सिस्टर 'पाहिलं' एवढं लिहून मोकळ्या व्हायच्या. जनरल वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर सगळं लिहायच्या. जितकं जास्त केलं, तितका त्यांचा खांब उंच.

तीन आठवड्यांपूर्वी मीटिंगमध्ये तो खांब पडद्यावर आला, तेव्हा मागून कुणीतरी "अरे बापरे!" म्हणालं होतं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. घरी जाऊन त्यानं बायकोला ते दोनदा सांगितलं होतं. आणि चार दिवसांनी थोरल्या सिस्टर वॉर्डातून तळघरातल्या चादरींच्या स्टोअरमध्ये गेल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर.

त्यानं एका बेलला एकच आकडा ठेवून आलेख पुन्हा काढला. सगळ्यात ठेंगणा खांब त्यांचा निघाला.

"पुढच्या महिन्यापासून नीट कर म्हणजे झालं," साहेब म्हणाले. "झालं गेलं कशाला उकरून काढतोस? कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

त्याला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटली. लॅपटॉप काखेत मारून तो जिना उतरला.

स्टोअरमध्ये इस्त्रीची ऊब होती. सिस्टर चष्मा कपाळावर चढवून चादरींच्या घड्या घालत होत्या. वाटेत त्यानं चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला राहिली.

"सिस्टर, तो आलेख चुकीचा होता," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझी. माझ्यामुळे तुमची बदली झाली."

"बदली कुणी केली नाही रे," त्या म्हणाल्या. "मीच मागून घेतली."

"मागून घेतली?" त्यानं विचारलं.

"मेट्रन नको नको म्हणत होत्या. पण तू तो आलेखाचा कागद नोटीस बोर्डावर लावलास ना, तो मी नीट वाचला. माणसं बेल वाजवून ताटकळतायत आणि आपल्याला वाटतंय की आपण धावतोय. वय झालं म्हटलं. चादरी काही वाट बघत नाहीत."

त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कुणी रागावलं असतं, दोन शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. घड्यांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून त्यानं ओळी दाखवल्या, बेरीज कशी फुगली ते सांगितलं. मान खाली घालूनच. सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे मी उशिरा पोहोचत नव्हते?"

"नाही. सगळ्यांत आधी तुम्हीच पोहोचत होतात."

हातातली चादर त्यांनी अर्धवट घडीतच खाली ठेवली.

"त्या कागदाच्या तळाशी तू एक ओळ लिहिली होतीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत जास्त वेळ थांबलेला रुग्ण. खाट अकरा, पंधरा मिनिटं. ती बेल वाजली त्याच दुपारी ते आजोबा गेले. त्यांची बेल बघ बरं."

ती ओळ त्यानंच घातली होती. कागद खालून रिकामा दिसत होता म्हणून. त्यानं नोंद उघडली. तिच्या पोटातली यादी त्यानं आजवर फक्त मोजली होती. आता पहिल्यांदा वाचली, मोठ्यानं.

"उशी वर केली. ऑक्सिजन वाढवला. डॉक्टरांना बोलावलं. ओठ ओले केले. मुलीला फोन लावला. फोन कानाशी धरला. पडदा ओढला. पाय झाकले. हात धरून बसले." त्यानं ओळी मोजल्या. "नऊ कामं, सिस्टर. म्हणून पंधरा मिनिटं दिसली."

"आणि पोहोचले किती वेळात?"

"एक मिनिट चाळीस सेकंदांत."

सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर टेकल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"शेवटी माझा हात दाबून ते म्हणाले होते, 'किती लगेच आलीस गं पोरी,'" त्या हळूच म्हणाल्या. "तीन आठवडे मला वाटतंय, जाता जाता त्यांनी माझं मन राखलं."