रेघ कुठवर आली

दोनशे वर्षांपूर्वीची चांदीची अमेरिकन नाणी पारखण्यात माझा जन्म गेला. नाणी पाडता पाडता ठशाला बारीक तडा जातो, तो नाण्यावर रेघ होऊन उमटतो, आणि ठसा फुटेपर्यंत ती रेघ वाढतच जाते. त्या रेघेवरून कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं आणि कुठलं अगदी शेवटचं, हे मी भिंगातून बघून सांगतो. "फुटक्या ठशाची नाणी जपणारा वेडा नेमका माझ्याच नशिबी आला," असं माझी बायको नोरीन गेली चाळीस वर्षं मला चिडवत आलीय.

परवा डॉक्टरबाईंनी तिच्या छातीचे तीन वर्षांचे तीन एक्स-रे दिव्याच्या फळीवर लावले.

"डावीकडचा शेवटी लावा," मी सवयीनं बोलून गेलो. "त्यात रेघा सगळ्यात पुढे गेल्यात."

डॉक्टरबाईंनी तारखा पाहिल्या. "अरे, खरंच की! तुम्हाला कसं कळलं?"

मी जीभ चावली.

"तोच तर धंदा आहे त्याचा," नोरीन धापा टाकत हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना, हार्लन. रेघ इथवर आली, की तो ठसा अजून किती नाणी पाडतो?"



खिशातलं भिंग मुठीत घट्ट धरून, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणालो, "नुसतं बघून नाही गं सांगता येत."