आमसुलाचा रंग

गोदाने परसातल्या संडासाला बाहेरून कडी घातली आणि कपडे धुवायच्या दगडावर बसून घेतलं. आत तिचा नवरा आत्माराम होता. रंग कुठला ते सांगितल्याशिवाय कडी निघणार नाही, असं तिने शांतपणे कळवलं.

आत्मारामने खोकून बघितलं. मग दार ढकलून बघितलं. तीस वर्षं तो बोटीवर इंजिनात होता. नुसत्या धुराचा रंग बघून इंजिनाचं कुठे बिनसलंय ते सांगायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र डोळे मिटून पाणी ओतायचा. श्रावणात मोटर बंद पडून पाणी गेलं, तेव्हा गोदाला लाल दिसलं होतं. आमसुलाचा रंग, तो म्हणाला होता.

आज अकराला डॉक्टरांची वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा आत्माराम मांडवीच्या धक्क्यावर वारा खाताना सापडला होता.

त्यांची मुलगी मनस्वी चिपळूणला नर्स. तिने फोनवर आईला सगळं समजावलं होतं. एखाद-दोन दिवस पातळ झालं, घट्ट झालं, तर घाबरायचं नाही. बीट खाल्लं की लाल दिसतं, लोहाच्या गोळ्यांनी काळं. पण रक्त दिसलं, किंवा सवयच बदलली आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर तपासून घ्यायचं. पुष्कळदा मूळव्याधच निघते, पण ते डॉक्टरांनी म्हणायचं, बाबांनी नाही.

गोदाने हे दाराच्या फटीतून जसंच्या तसं आत सोडलं.

आतून महिपतचं नाव आलं. शेजारचा महिपत चांगला धडधाकट होता. गेल्या वर्षी तपासायला गेला आणि त्याला आतड्यात गाठ सापडली. तपासलं नसतं तर सापडली नसती, असं आत्मारामचं म्हणणं होतं.

गोदाने वर बघितलं. ऑपरेशन होऊन बरा झालेला महिपत कुंपणापलीकडच्या माडावर नारळ पाडत होता. त्याने वरूनच मान हलवली.

"लालच आहे," आत्माराम शेवटी म्हणाला. "चार महिने. पण ते आमसुलाचं. तू कालवणात मूठ मूठ घालतेस."

"श्रावणापासून घरात आमसूल नाही," गोदा म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा त्याचं नाव घेतलंत ना, त्याच दिवशी अख्खी बरणी महिपतकडे दिली. तेव्हापासून चिंच घालते."

माडावरचा कोयता थांबला.

"बांगड्याला चिंच?"

"होय."

"आपण काय घाटावरचे?"

आता आतून दार बडवायला सुरुवात झाली. गोदाने कडी काढली. आत्माराम तावातावाने बाहेर आला. चार महिने बांगड्याचे हाल केलेस, माणसाचे केलेस, आणि वर विचारतेस रंग कुठला. हे सगळं तो डॉक्टरांना सांगणार होता. कधीपासून, किती वेळा, काय खाल्लं, काय पडलं, सगळं.

"सांगा," गोदा म्हणाली आणि त्याच्या हातात धुतलेला शर्ट दिला.

रिक्षा फाटकाशी उभीच होती. आत्माराम आधी आत सरकला आणि बसल्या बसल्या रिक्षावाल्याला चिंचेचं सांगायला लागला. रिक्षावाल्याने हळहळ व्यक्त केली. त्याच्याकडेही बांगड्याला आमसुलाची सोलंच घालतात.

धक्क्याच्या वळणावर समुद्राचा वारा आला, तसा आत्माराम चिंचेचं अर्धवट सोडून धक्क्याकडे बघायला लागला.

त्याच्या उजवीकडे रिक्षाचा आडवा दांडा होता. डावीकडे गोदा.