दोनशे अठ्ठ्याहत्तर

“काका, कोलेस्ट्रॉल दोनशे अठ्ठ्याहत्तर,” डॉक्टर कागदातून डोकं वर न काढता म्हणाला. “फारच आहे.”

नवऱ्याने बसल्या जागी छाती थोडी पुढे काढली. “आमच्या घरात ते खातं माझ्याकडेच आहे. बारा वर्षं झाली. हिला विचारा, माझं तेल ही चमच्याने मोजते.”

हिला विचारण्यात अर्थ नव्हता. ती शेजारच्या खुर्चीत, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर ठेवून बसली होती. पक्षाघाताच्या झटक्याला तीन आठवडे झाले होते. डोक्यात वाक्यं पूर्वीसारखीच जुळत, पण तोंडातून नीट बाहेर पडे ते फक्त ‘अहो’. आणि तेवढ्यावर संसार चालतो, असं नवऱ्याचं मत होतं. उरलेलं तो स्वतःच बोलून टाकी.

“झटका काकूंना आणि कोलेस्ट्रॉल तुम्हाला,” डॉक्टर म्हणाला. “गंमतच आहे.”

“बायकांना कुठलं हो कोलेस्ट्रॉल! हिचं सगळं टेन्शनमुळे.”

“तुमची गोळी वाढवू. काकूंना विश्रांती.” डॉक्टर लिहू लागला.

टेबलावर दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी पडले होते. रक्त एकाच सकाळी दिलं होतं. तिच्या बाजूने दोन्ही उलटे दिसत होते. पण तिची उमेदीची वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात आणि प्रुफं तपासण्यात गेली होती. उलटं वाचणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. दोनशे अठ्ठ्याहत्तरच्या कागदावर, वयाशेजारी, बारीक टायपात छापलं होतं: स्त्री.

“चूक,” तिने सगळा जोर लावून म्हटलं.

नवरा विरघळला. “ती म्हणतेय, चूक तिचीच. अगं, कोणी काही बोललंय का तुला?”

तिने डावा हात पुढे केला आणि डॉक्टरच्या बोटांतून पेन काढून घेतलं. असं आजवर कुणी केलं नसल्यामुळे त्याने ते सोडलं. तिने ‘स्त्री’भोवती वर्तुळ केलं आणि एका कागदावरून दुसऱ्यावर जाणारी नागमोडी रेघ ओढली. दोन शब्दांच्या जागा बदलायच्या असल्या की प्रुफात ओढतात, तशी.

डॉक्टरने रेघ पाहिली, वर्तुळ पाहिलं, आणि मग नाइलाजाने कागद वाचला. त्याचे कान लाल झाले.

“सॉरी. दोनशे अठ्ठ्याहत्तर काकूंचं आहे. काका, तुमचं एकशे एकसष्ट. अगदी उत्तम.”

“एकशे एकसष्ट?” नवऱ्याचा चेहरा पडला. बारा वर्षांची जहागीर एका रेघेत गेली होती. “पुन्हा एकदा बघता का जरा?”

डॉक्टरने खुर्ची तिच्याकडे वळवली. “पाळी गेल्यावर बायकांचंही वाढतं, काकू. गोळी तुम्हाला हवी, आजपासून. झटका यायच्या आधी कधी तपासलं होतं?”

“मी तर दर तीन महिन्यांनी...”

“काका, त्यांना विचारलंय.”

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. ती एकेक शब्द चाचपून पुढे आणत होती.

“माझं,” ती म्हणाली. नवऱ्याचे ओठ वाक्य पुरं करायला हलले; डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं, तसे मिटले. “माझं कधी... कोणी... तपासलंच नाही.”

अख्खं वाक्य. एकही शब्द गळाला नव्हता. ते तिला इतकं आवडलं, की बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात, कुठेही न अडखळता, तिने ते पुन्हा म्हटलं.