आईने लिहिलेला माणूस

“मुका घेतला का गं त्याने?” शशिकलामावशीने विचारलं, आणि ऋताने हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली. आईला जाऊन सोळा दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत बाबा बसले होते. मोठ्याने हसायची ही वेळ नव्हती.

रजयांच्या पेटीत तळाशी चार वह्या निघाल्या होत्या. आईच्या अक्षरात एक अख्खी कादंबरी. नायक बडा माणूस. मंत्र्यांना नावाने हाक मारणारा, एका फोनवर कुणाचीही बदली करणारा. नायिका त्याच्यावर लट्टू. आणि हे लिहिणारी बाई कोण, तर चंदीगडच्या मराठी मंडळात तीस वर्षं गणपतीचे मोदक सांभाळणारी!

“नलूचं लफडं,” मावशी कुजबुजली. “आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही! कोण असेल? तो मिशीवाला ब्रिगेडियर?”

“तो? त्याच्या मिशीत सारखा शिरा अडकायचा, मावशी.”

दोघी रजईत तोंड खुपसून हसल्या. ऋताचा फोन वाजला. नवऱ्याचा, अंशुमनचा मेसेज होता. तिने हसत हसतच खोलीचा एक फोटो काढला, त्याला पाठवला आणि पान उलटलं. खाली त्याची गाडी उभी होती. चार वाजता निघायचं होतं, आणि साडेतीन होऊन गेले होते.

“पुढे वाच, पुढे वाच!”

पुढे नायक नायिकेच्या ताटातली पोळी काढून घेत होता. चारचौघांत तिच्या बोलण्याला हसत होता. मग एका रात्री त्याने तिला जिन्यावरून ढकललं, आणि एका फोनवर हाडांचा डॉक्टर घरी आणला. नायिका मैत्रिणीला सांगते, किती काळजी घेतो माझी.

“काळजी म्हणे!” ऋताने वहीवर थाप मारली. “अगं बावळट, ऊठ की! निघ तिथून!”

“आमची नलू अशी नव्हती गं,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “तिने तर त्याच्या डोक्यात वरवंटा घातला असता.”

ऋता वाचत होती. “‘ती कुठेही गेली की त्याचा मेसेज यायचा. मग ती जिथे असेल तिथला फोटो काढून त्याला पाठवायची. आईकडे आली तरी.’”

“थांब,” मावशी म्हणाली. “नलूच्या तरुणपणी फोनमध्ये कॅमेरा कुठला?”

ती अजून हसत होती. मग तिने ऋताच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

ऋताने वही मिटली. मागच्या हिवाळ्यात तिचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिने आईला सांगितलं होतं. आईने काहीच विचारलं नव्हतं.

ती बाल्कनीत गेली आणि खाली गाडीपाशी उभ्या ड्रायव्हरला हाक मारली.

“कृष्णाजी, आप जाइए.”

“मैडम, साहब ने चार बजे बोला है.”

“साहब को बोलिए, मैडम नहीं आ रहीं.”

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तिला पुन्हा हसू फुटलं. शाळा बुडवल्यावर यायचं तसं, पोटातून. मावशीने तिला घट्ट धरलं तरी ते थांबेना. आवाजाने बाबा दारात आले. त्यांनी पलंगावरच्या वह्या पाहिल्या, पण नवल केलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” ऋताने विचारलं. “मग आईने मला सरळ का नाही सांगितलं?”

“मीही तिला तेच म्हणत होतो,” बाबा म्हणाले. “ती म्हणाली, सरळ सांगितलं तर ऋता त्याची बाजू घेईल. गोष्टीत वाचलं तर त्या बाईची घेईल.”