हयातीचा दाखला

करसवलतीसाठी अवलंबित रुग्ण जिवंत असल्याचा दाखला लागे, म्हणून हिमनिद्रेत ठेवलेल्या दादाला वर्षातून एकदा घटकाभर उठवत. त्याच्या आजारावर औषध निघेपर्यंत तो झोपूनच राहणार होता. त्याची धाकटी बहीण शैला त्या एका घटकेच्या आशेवर वर्ष काढायची. गेल्या खेपेला डोळे उघडताच दादा म्हणाला होता, "शैले, केस किती पिकले गं तुझे!"

यंदा ती केस रंगवून आली.

"ताई, आता उठवायला नको," कारकून हसून म्हणाला. "ते जिवंत आहेत हे यंत्रच कळवतं. तुमची सवलत मंजूर."

"माझा यंत्रावर विश्वास नाही. हरकत नोंदवा."

"मग उठवावंच लागेल. पण यंत्राचा दाखला नाकारला की यंदाची सवलत जाईल हं."

काळेभोर केस सारखे करत शैला म्हणाली, "जाऊ दे. उठवा त्याला."