अंगावरची धूळ

भागवत रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचत होता. त्याच्या चार वर्षांच्या लेकीच्या, ईश्वरीच्या, रक्तात शिसं सापडलं होतं.

"नावांची अदलाबदल झाली असेल, मॅडम. जुन्या बॅटऱ्या मी फोडतो, ही नाही."

"तुम्ही कारखान्यातलं शिशावरचं इंजेक्शन घेतलंय, म्हणून तुम्हाला बाधत नाही. तुमच्या पेशी शिसं पकडून डांबून ठेवतात, हिच्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "कामावरून अंघोळ करून निघता ना?"

भागवतला कामावरचं न्हाणीघर आठवलं. पूर्वी अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय कारखान्याच्या गेटबाहेर सोडत नसत. इंजेक्शन आलं आणि न्हाणीघराचं गोदाम झालं. तेव्हा सगळे खूश झाले होते. अर्धा तास लवकर घरी जाता येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुपरवायझरला गाठलं. "साहेब, न्हाणीघर उघडा."

"का? तुला काय होतंय?"

"मला काहीच होत नाही, साहेब."

"मग झालं तर!"

संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशीच थबकला. शर्टावर, केसांत, भुवयांवर तीच शिशाची राखाडी धूळ होती. ईश्वरीनं त्याला पाहिलं आणि रोजच्यासारखी हात पसरून पळत सुटली.

"थांब! तिथंच थांब!" ओरडत तो मागे सरकू लागला.

हा नवा खेळ समजून ती हसत आणखी जोरात धावली.