दादाच्या नावाचं ताट

"वहिनी, जेवण दादाच्या नावाचं आहे की पोराच्या आवडीचं?" खलबत्त्यात डोकावून नणंदेने विचारलं.

लामदुआनचा हात थांबला. आज नवरा गेल्याचा शंभरावा दिवस. बापाला पुण्य लाभावं म्हणून भिक्षू झालेला तिचा मुलगा तोंग इतर भिक्षूंबरोबर घरी जेवायला येणार होता. भिक्षूंच्या मुखी पडलं की गेलेल्याला पोचतं. पण नवऱ्याला तुळशीच्या पानांत परतलेली कोंबडी लागायची ती डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि तोंग लहानपणापासून एका मिरचीला रडणारा. त्यात भिक्षूने समोर येईल ते मुकाट्याने खायचं.

तिने डोळे मिटले आणि आणखी मूठभर मिरच्या लसणात ठेचल्या. तापल्या कढईत कोंबडीचा खिमा चरचरला, ठसक्याने दोघी खोकून बेजार झाल्या. शेवटी तुळशीची पानं टाकून तिने गॅस बंद केला.

पहिल्याच घासाला तोंगचे कान लाल झाले. पाण्याचा पेला हाताशीच होता. तो त्याने बाजूला सरकवला. मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता, डोळे वाहत होते, तरी तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवला. आणि मगच त्याने एका दमात पेला रिकामा केला.

नणंदेने लामदुआनचं मनगट घट्ट धरलं. "वहिनी, दादा असाच जेवायचा ना? ताट संपेपर्यंत पाण्याला शिवायचा नाही."

लामदुआनने पोटच्या पोरापुढे जमिनीला डोकं टेकलं.

"पोचलं," ती म्हणाली.